१ लाख ४२ हजार किमी झालेली बीएमडब्ल्यू ५२०डी गुहागरात वापरायला घ्यावी का? घेतली तर सांभाळायची कशी?

सुरूबन

नमस्कार मंडळी. २०१३ च्या ५२०डी चा, म्हणजे एफ१० बॉडीचा सौदा समोर आहे. एमएच १२ पासिंग, दुसरा मालक, मीटरवर १,४२,००० किमी, मागतायत साडेदहा लाख. ९८,००० पर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचे कागद आहेत, पुढे बाहेरच्या गॅरेजची तीन बिलं. गिअरबॉक्सचं ऑइल बदलल्याचा उल्लेख कुठेच नाही. टायर रनफ्लॅट (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे), सनरूफ आहे.

वापर असा: घर गुहागरला, समुद्र तीनशे मीटरवर, गाडी पत्र्याच्या शेडखाली, मागे सुरूची झाडं. आठवड्यातून दोनदा चिपळूण, महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटाने पुणे. मधल्या दिवसांत बाजारापुरती दोन-तीन किमी.

बघायला जाताना नेमकं काय तपासू, घेतल्यावर आधी काय बदलू आणि खाऱ्या हवेत ही गाडी टिकते का, एवढंच सांगा. ‘कशाला नसती झंझट, इनोव्हा घ्या’ हे घरी रोज ऐकतोय, ते इथे नको.

पाना सतरा

दादा, ही गाडी म्हणजे एन४७ इंजिन, आणि एन४७ म्हटलं की पहिली चौकशी टायमिंग चेनची. या इंजिनात चेन पुढे नाही, मागे आहे, गिअरबॉक्सच्या बाजूला. तिचे गाइड प्लास्टिकचे. ते झिजले, चेन ढिली पडली, की आवाज सुरू होतो. तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडतात आणि इंजिन बसतं. बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, नाहीतर इंजिनच बाहेर काढावं लागतं, म्हणून पार्टपेक्षा मजुरी महाग. २००७ ते २००९ ची इंजिनं यात सगळ्यात बदनाम. २०११ नंतर सुधारित भाग आले, त्यामुळे २०१३ च्या गाडीत धोका कमी आहे, पण नाहीच असं समजू नका.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नकोस. गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा. थंड इंजिन चालू करताना एकाने पुढे उभं राहावं, एकाने आत बसावं. पुढून डिझेलची नेहमीची टकटक ऐकू येईल, ती वेगळी. चेनचा आवाज मागून, डॅशबोर्डपलीकडच्या पत्र्याजवळून येतो. साखळी घासत फिरल्यासारखी घरघर असते आणि १,५०० ते २,००० आरपीएमच्या दरम्यान स्पष्ट होते. शंका आली तर गाडी लिफ्टवर घेऊन गिअरबॉक्सच्या तोंडाशी कान द्या. घरघर पक्की असेल तर भाव करत बसू नका, सरळ दुसरी गाडी बघा.

चेन जाण्याचं मोठं कारण उशिरा बदललेलं ऑइल. डिस्प्ले सांगतो तो अंतराल फार लांबडा आहे, १०,००० किमी किंवा १ वर्ष हाच धरा. ऑइल बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मान्यतेचं ५डब्ल्यू-३०, फिल्टरसह ५.२ लिटर. म्हणून ती बाहेरच्या गॅरेजची तीन बिलं नीट वाचा: ऑइलचा ग्रेड काय लिहिलाय, किती किमीला लिहिलाय. ४४,००० किमीत तीनच सर्व्हिस झाल्या असतील तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं.

चेनच्या नादात इंजिनाच्या पुढच्या बाजूची क्रँक पुली बघायची राहते. तिच्यात रबराचा थर असतो, तो तडकतो. पुली फिरताना डगमगते का, ते टॉर्च मारून बघा. रबर सुटलं की बेल्ट उडतो, आणि मग अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एसी असं सगळं एकदम बंद.

तिसरी गोष्ट ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणारा भाग. आतून गळला की कूलंट आणि काजळी मिळून चिकट थर बसतो. तो पेटला तर प्लास्टिकचं इनटेक मॅनिफोल्ड वितळतं, आगही लागू शकते. यासाठी बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये बऱ्याच देशांत डिझेल गाड्या परत बोलावल्या होत्या. या गाडीचं काय झालंय ते चासी नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा. आणि कूलंटची टाकी बघा. पातळी खाली असेल आणि बाहेर गळतीचा माग नसेल तर कूलरवर संशय घ्या.

घाटउतार

गिअरबॉक्सबद्दल. झेडएफ कंपनीचा ८ गिअरचा ऑटोमॅटिक, ८एचपी. डबा चांगला आहे. ‘लाइफटाइम ऑइल, बदलायचं नसतं’ ही गॅरेजवाल्यांची आवडती थाप. खुद्द झेडएफ ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षं सांगते. म्हणजे या गाडीचं कधीच व्हायला हवं होतं.

चाचणीत दोन गोष्टी करा. सिग्नलला थांबायला जाताना ब्रेक हलका ठेवून गाडी आपोआप उतरू द्या. ३ वरून २ आणि २ वरून १ पडताना मागून ढकलल्यासारखा झटका बसतो का? मग ६०-७० च्या वेगात ॲक्सिलरेटर अगदी हलका दाबून ठेवा. रम्बल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर आली तर दोष टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागाच्या) लॉकअप क्लचचा. पहिल्याला ऑइल बदलून बऱ्याचदा आराम पडतो, दुसऱ्याला पडेलच असं नाही.

ऑइल बदलताना फिल्टर वेगळा मिळत नाही. तो गिअरबॉक्सखालच्या प्लास्टिकच्या ऑइल-तबकात, म्हणजे सम्पमध्येच बसवलेला आहे, त्यामुळे अख्खा सम्प बदलायचा. झेडएफचा किट घ्या, त्यात सम्प, बोल्ट आणि ७ लिटर लाइफगार्ड ८ येतं. बोल्ट टॉर्क रेंचनेच, १० न्यूटन-मीटर, समोरासमोरच्या क्रमाने. हाताच्या अंदाजाने आवळले की प्लास्टिक वाकतं आणि महिन्याभरात थेंब सुरू. पातळी बघायची ती गाडी सपाट लिफ्टवर, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून पार्कमध्ये, ऑइल ३० ते ५० अंश असताना. भरायच्या भोकातून बारीक धार यायला लागली की बूच बंद. तापमान स्कॅनरवर बघायचं. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याच्याकडे हे काम देऊ नका, तो ‘साडेपाच लिटर निघालं, साडेपाच भरलं’ करून मोकळा होईल. आधी कमी होतं की जास्त, ते कळणारच नाही.

डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची भीती तुम्हाला घातली असेल. गुहागर-चिपळूण साधारण ४५ किमी आहे, वळणावळणाचा रस्ता असला तरी इंजिन पूर्ण गरम होतं. आठवड्यातून दोनदा ते झालं तर बाजारातल्या फेऱ्या खपून जातात. मात्र रीजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळणं, चालू असताना गाडी बंद करू नका. आयडल किंचित वाढलेलं, थांबल्यावर पंखा जोरात, तापलेल्या लोखंडाचा वास, अशी लक्षणं दिसली तर आणखी दहा मिनिटं फिरवून आणा. अर्धवट रीजनरेशन वारंवार झालं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि मग पुन्हा चेन.

खारी हवा

वरच्या दोघांनी इंजिन-गिअरबॉक्सचं सांगितलं. गुहागरात गाडी खाणारा प्राणी वेगळा.

एफ१० चं बॉनेट, दारं आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत, बाकी शेल बहुतेक स्टीलचं. ॲल्युमिनियम लाल गंजत नाही, पण स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये खारट ओल आली की पांढरी भुकटी धरते आणि रंग फुगतो. दारं उघडून खालच्या दुमडलेल्या कडेवरून बोट फिरवा. तांदळाच्या दाण्याएवढे फोड हाताला लागले तर गाडी आधीच कुठल्या तरी किनाऱ्यावर राहिलेली आहे, किंवा अपघातानंतर रंग स्वस्तात मारलाय. आणि स्क्रू बदलायची वेळ आली तर ‘स्टेनलेसचे टाकू, गंजणार नाहीत’ हा शहाणपणा नको. स्टेनलेस गंजत नाही, ते शेजारच्या ॲल्युमिनियमला खातं. मूळ कोटिंगवालेच स्क्रू मागवा.

घरी आणल्यावर चारही चाकांच्या आतलं प्लास्टिक, व्हील आर्च लाइनर, एकदा काढा. मागच्या बाजूला तळाशी जांभ्याची लाल माती ओल्या गोळ्यासारखी बसते. वरून कितीही धुतलं तरी ती निघत नाही आणि मार्चमध्येसुद्धा आतून दमट असते. ती काढून, धुऊन, दोन दिवस कडक उन्हात गाडी सुकवून मग पोकळ्यांमध्ये कॅव्हिटी वॅक्स. वेळ एप्रिल-मेचीच. तिठ्यावरचं डांबरी काळं अंडरकोटिंग मारू नका. ओल किंवा गंज असताना त्यावर ते मारलं की आत पाणी कोंडतं, वरून काळंभोर आणि खालून पत्रा पापडासारखा. मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग दरवर्षी पुन्हा मारावं लागतं, पण पत्रा दिसत राहतो.

खालून धुणं: पावसाळ्याबाहेर पंधरवड्यातून एकदा, गोड्या पाण्याने. विहीर मचूळ असेल तर त्या पाण्याने धुण्यापेक्षा न धुतलेलं बरं. प्रेशर गन कनेक्टर, अल्टरनेटर आणि स्टिअरिंग रॅकवर रोखू नका. या गाडीचा पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, रॅकच्या मोटरीत पाणी गेलं की बिल रडवतं. एसीच्या कंडेन्सरवर मात्र पुढून साध्या पाइपने पाणी सोडत जा. मिठाने त्याच्या पट्ट्या पिठासारख्या गळतात आणि मग बारीक भोकातून गॅस जातो. ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ म्हणणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं हेच.

सनरूफच्या चारही कोपऱ्यांत पाणी जायच्या नळ्या आहेत. तुमच्या मागे सुरू आहेत म्हणता, तर त्या सुया नळ्यांत जाऊन बुच बसणार हे ठरलेलं. मे महिन्यात कोपऱ्यात कपभर पाणी ओता, चाकाजवळ खाली पडलं पाहिजे. पडलं नाही तर जाड नायलॉनचा दोरा हलक्या हाताने घाला. कॉम्प्रेसरची जोरात हवा मारू नका, नळी आतल्या जोडापासून सुटते आणि मग सगळं पाणी गालिच्यात.

डिकीत उजव्या बाजूला बॅटरी आणि फ्यूज बॉक्स. तिथलं अस्तर उचलून हात लावा. मागच्या दिव्यांची रबरं कडक झाली की पाणी तिथे उतरतं, आणि ओल्या मॉड्यूलमुळे रोज नवीन वॉर्निंग येते. बॅटरी बदलली तर स्कॅनरने गाडीला कळवावं लागतं, नाहीतर ती जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चार्ज करत राहते. एजीएम प्रकारची बॅटरी काढून साधी बसवू नका.

पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर सपाट जागी पार्कमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडा, म्हणजे पॅड डिस्कला चिकटत नाहीत. ब्रेक फ्लुइड डॉट ४, दर २ वर्षांनी. ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही.

आरसी बुक

कागदांचं कोणी लिहिलं नाही म्हणून.

पुणे पासिंग आहे एवढ्यावर जाऊ नका. गाडी जुलै २०२१ मध्ये कुठे होती ते काढा. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्याच आठवड्यात महाड, कोल्हापूर, सांगलीकडेही पूर होता. पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात. विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मालकालाच मागवायला लावा. तो टाळाटाळ करत असेल तर समजून घ्या. गाडीत बघायचं तर चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी चिखलाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट आणि स्टिअरिंगखालचे उघडे स्क्रू गंजलेले असतील तर पाणी तिथपर्यंत आलेलं होतं.

मीटर फिरवलाय का, हे शोधायची सोपी युक्ती: एफ सिरीजला एनेट केबल (गाडी लॅपटॉपला जोडणारी) किंवा चांगला ओबीडी अडॅप्टर लावून जुने एरर वाचा. प्रत्येक एररसोबत तो कितव्या किमीला आला ते नोंदलेलं असतं. मीटर १,४२,००० म्हणतोय आणि एरर १,९०,००० चा निघाला तर बोलणंच संपलं.

राज्यातल्या राज्यात टॅक्स पुन्हा लागत नाही आणि नंबर एमएच १२ च राहतो. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही. २०१३ ची गाडी म्हणजे २०२८ ला १५ वर्षं पूर्ण, मग फिटनेस, फेरनोंदणी आणि पर्यावरण कर. किंमत ठरवताना हे धरा. पुढे विकताना घेणारासुद्धा हेच धरणार आहे.

दिल्लीची स्वस्त गाडी कोणी सुचवली तर तिथे १० वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर आणलेली बंदी हे स्वस्ताईचं कारण. वर एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स.

सुरूबन

सगळ्यांचे आभार. गाडी स्कॅनरवाल्या मेकॅनिकला घेऊन बघितली. थंड स्टार्टला मागून आवाज नाही, सीटबेल्ट स्वच्छ, एररचे किमी मीटरशी जुळतात. गिअर ३ वरून २ पडताना हलका झटका आहे, थरथर नाही. ८०-९० वर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. पुढचं कळत नाहीये: हायवेवर अर्धा तास चालवूनही कूलंटचं तापमान ७० ते ७२ च्या वर जात नाही. शेवटचं पूर्ण रीजनरेशन १,१०० किमीपूर्वी. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना तापवणारे प्लग) कंट्रोलचा एरर आहे. मेकॅनिक म्हणतो डीपीएफ आतून पोकळ करून सॉफ्टवेअर मारू, कायमची कटकट मिटेल. टायरवर २३१८ छापलंय.

पाना सतरा

पोकळ करू देऊ नका. बेकायदेशीर आहेच, शिवाय दुखणं डीपीएफचं नाहीच.

इंजिन ८८ अंशांच्या आसपास राहायला हवं. ७० ला अडकलं म्हणजे थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी-मिटणारी झडप) उघडा राहिलाय. इंजिन थंड राहिलं की गाडी रीजनरेशन सुरूच करत नाही. वर ग्लो प्लगचा एरर, तोही रीजनरेशन अडवतो. म्हणून १,१०० किमी झाले, एरवी हे काही शे किमीतच व्हायला हवं. क्रम असा ठेवा: आधी मुख्य थर्मोस्टॅट बदला, आणि या इंजिनाला ईजीआरचा वेगळा थर्मोस्टॅट असेल तर तोही त्याच वेळी. कूलंट बीएमडब्ल्यूचं निळं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं. मग ग्लो कंट्रोल मॉड्यूल, आणि चारही प्लगचा रेझिस्टन्स मोजून लागतील ते. प्लग काढताना इंजिन गरम असू द्या आणि आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडा. घाई केली तर प्लग हेडमध्ये तुटतो आणि हजाराचं काम लाखाकडे जातं.

एवढं झाल्यावर हायवेला ४० मिनिटं चालवा, रीजनरेशन आपोआप सुरू होईल. झाल्यावर स्कॅनरवर काजळी आणि राख वेगवेगळी बघा. काजळी जळते. राख जळत नाही, ती ऑइलमधून येते. राख मर्यादेजवळ असेल तरच डीपीएफ उतरवून साफ करायचा.

ब्रेकच्या थरथरीला आधी डिस्क बदलू नका. पुढच्या टेन्शन स्ट्रटच्या (चाकाला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याच्या) बुशमध्ये तेल असतं, फुटलं की बुशखाली काळा ओघळ दिसतो. लेमफोर्डर कंपनीचे दोन्ही बाजूंचे स्ट्रट घ्या, मग अलाइनमेंट.

घाटउतार

२३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. चारही टायर गेले समजा, नक्षी कितीही दिसू दे. रनफ्लॅट पुन्हा घ्यायचे की साधे, यावर इथे आधी बरीच भांडणं झालीत. माझं मत साधे, २२५/५५ आर१७ असतील तर त्याच मापाचे, सोबत कॉम्प्रेसर आणि पंक्चर किट. खड्ड्यात रनफ्लॅटची कडक बाजू फुगते आणि रिमलाही मार बसतो.

झटक्याला आधी ऑइल-सम्प. ते झाल्यावर स्कॅनरने ॲडाप्टेशन (गिअर बदलण्याची डब्याने शिकलेली सवय) रीसेट करून शांतपणे चालवा, डबा पुन्हा शिकतो.

आरसी बुक

आता भावाचं. थर्मोस्टॅट, ग्लो मॉड्यूल, स्ट्रट, गिअरबॉक्स किट, चार टायर आणि सगळी फ्लुइड, याची लेखी एस्टिमेट त्याच मेकॅनिककडून घ्या आणि विकणाऱ्यासमोर ठेवा. साडेदहा जास्त आहेत. नऊच्या आत बसत असेल तर घ्या, आणि अडीच-तीन लाख बाजूला राहत असतील तरच. ते नसतील तर या गाडीच्या वाटेला जाऊ नका. सौदा ठरला तर टोकन देताना पावतीवर ‘डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर मूळ स्थितीत’ असं लिहून घ्या. सॉफ्टवेअर मारायला टपलेला मेकॅनिक त्याच गावात बसलाय, आणि ताबा तुम्ही आठवड्याने घेणार आहात.